चांदरीची फळी

सर,

आज पोळ्याची आदली संध्याकाळ आहे. आम्ही हुडकेश्वरला घर बांधलं, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुमच्या वेळी इकडे नुसती शेतं होती. आता प्लॉट पडलेत, थोडी घरं आणि थोडी तूर असं चाललं आहे. समोरच्या शेतकऱ्याने मघाशी बैल धुऊन आणले, त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि एकेकाच्या कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी ओट्यावर भाजी निवडत बसले होते. भाजी तशीच ठेवली आणि आत येऊन कागद घेतला. खरं तर तुमच्याशी बोलायचं निमित्त गेल्या आठवड्यातच झालं होतं, पण मी आळशी आहे, हे तुम्ही पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं.

गेल्या आठवड्यात कॉलेजात बाहेरदेशी शिकून आलेला एक तरुण पाहुणा व्याख्यानाला आला होता. खोलीत अंधार करून त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. थंडी वाजली की डुकरं नाकाडाने बटण दाबतात आणि डोक्यावरचा गरम दिवा स्वतः लावून घेतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, प्राण्याने स्वतः वापरायचं यंत्र ही कल्पनाच अगदी नवी आहे, जगात आता कुठे सुरुवात होते आहे. हल्ली मला पहिल्या रांगेत बसवतात, केस पिकल्याचा मान म्हणून. तिथे बसून मला इतका राग आला की काय सांगू. पोराचा काही दोष नव्हता, चांगला शिकलेला, नम्र पोरगा होता. तरी मी उभी राहून विचारलंच, की डुकराने बटण दाबलं की तिथे कोण येतं? तो गोंधळला. कोणी नाही मॅडम, दिवा लागतो, असं म्हणाला. मी म्हटलं, दिवा लागतो ते कळलं, येतं कोण? मागे हशा पिकला. बाईंचं आता वय झालं, असंही कोणी तरी हळूच म्हटलं. सर, तुम्ही हसला नसता. तुम्ही तिथे असता तर तुम्हीच हे विचारलं असतं, आणि माझ्यापेक्षा गोड शब्दांत.

मी तुमच्याकडे आले तेव्हा आमच्या भिवापुरात सगळ्यांची एकच चर्चा होती, पोरीची जात आणि ढोरांच्या कॉलेजात काय करते. बाबा मिरची पिकवणारे, स्वभावानेही तसेच. त्यांनी मला पुढे शिकू दिलं ते एका बोलीवर. दोन वर्षांत मोठी पदवी हातात आली तर ठीक, नाही तर मुकाट्याने घरी यायचं आणि ते दाखवतील त्या मुलासमोर पोह्यांची बशी घेऊन उभं राहायचं. त्यामुळे मला घाई होती. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही मला म्हशींच्या गोठ्यावर बसवलं, काय दिसतं ते लिही म्हणालात. मी लिहिलं, उन्हाळ्यात म्हशीला अंगावर पाणी आवडतं. तुम्ही ते वाचलंत, चष्मा काढलात आणि विचारलंत, "तुले म्हशीनं सांगतलं काय वं?" मी म्हटलं, सर, ते दिसतंच की. तर तुम्ही म्हणालात, "दिसते तुले. आवडते तिले. मधात तिचं बोलणं कोठी हाय?" वर्गात तुम्ही शुद्ध, पुस्तकी बोलायचात. रागावलात किंवा हळवे झालात की मात्र तुमचं कुहीकडचं बोलणं आपसूक वर यायचं. त्या दिवशी दोन्हीपैकी काय होतं ते मला कळलं नाही. मला फक्त अपमान कळला, आणि मी वसतिगृहात जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावून चहा पाजलात आणि पोळ्याची गोष्ट सांगितलीत. कुहीच्या पुढे तुमचं धानाचं गाव. तुमचे वडील आदल्या दिवशी बैलांना असंच आवतण द्यायचे. लहानपणी तुम्ही त्यांना विचारलं होतं, की बैलाला यायचं नसेल तर तो कसं सांगणार? वडील हसले आणि म्हणाले, अरे, आवतण देणं आपल्या हातात, उत्तराचं कोण पाहतो. तुम्ही मला म्हणालात, की मी आयुष्यभर तेवढ्या उत्तराचंच पाहतो आहे. तेव्हा मला हे म्हाताऱ्या माणसाचं हळवेपण वाटलं होतं. आज हिशेब लावला तर तुम्ही तेव्हा माझ्या आजच्या वयाहूनही लहान होता.

मग तुम्ही ते यंत्र करायला घेतलंत. यंत्र म्हणजे काय, तर उंचावर पाण्याचं पिंप, त्याला भोकं पाडलेला नळ, आणि म्हशीने तोंडाने दाबायची एक लाकडी फळी. फळी दाबली की सायकलच्या ब्रेकची तार ओढली जाऊन तोटी उघडायची, अंगावर पाणी पडायचं, आणि थोड्या वेळाने तोटी आपोआप मिटायची. सीताबर्डीच्या सायकलवाल्याने तार जोडून देताना विचारलं होतं, मास्तर, म्हैस सायकल चालवणार आहे का? तुम्ही म्हणालात, नाही, पण आपल्याला चालवील. विभागप्रमुखांना तर रोजची करमणूक झाली. त्यांच्या खोलीला वाळ्याचे पडदे होते, त्यांवर दिवसभर पाणी मारायला एक चपराशी होता, आणि ते त्या गारव्यातून बाहेर येऊन तुम्हाला विचारायचे, काय हो, अक्कल मोठी की म्हैस? तुम्ही म्हणायचात, साहेब, तेच तर मोजायला बसलोय.

पहिली चौकट आपण एका परदेशी पुस्तकातल्या चित्रावरून केली. दोन खांब, मध्ये फळी. चित्रातल्या गाईला शिंगंच नव्हती, हे आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आपली नागपुरी म्हैस, तिची शिंगं पार खांद्यापर्यंत मागे गेलेली. कपाळावर पांढरा चांद असलेली ती म्हैस, जिला आपण चांदरी म्हणायचो, तिने फळीवर चोपडलेला गूळ चाटायला डोकं आत घातलं आणि मागे घेताना सगळी चौकटच उपटून निघाली. गळ्यात चौकट घालून ती अंगणभर फिरली, प्रमुखांच्या खिडकीवरूनसुद्धा. कॉलेज बाहेर येऊन हसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र गंभीरपणे तिच्या मागे मागे चालत शिंगांचं माप डोळ्यांनी घेत होतात. मग आपण खांब काढून टाकले आणि फळी वरून मोकळी टांगली. पाणी पहिल्यांदा अंगावर पडलं तेव्हा चांदरी दचकून पार कुंपणापर्यंत पळाली. बराच वेळ तिथून फळीकडे बघत राहिली. मग आली, गूळ नसताना आली, आणि तिने तोंड लावलं. तुमचे डोळे भरून आले होते. मी धुळीचं निमित्त करून दुसरीकडे बघितलं.

पाणी पडलं की आपल्याला कळावं म्हणून तुम्ही तोटीला तार जोडून एक विजेची घंटी आपल्या खोलीत बसवलीत. ती वाजली की तुम्ही बाहेर जाऊन कडुनिंबाला टांगलेला उष्णतामापक बघायचात आणि येऊन मला आकडा सांगायचात. हे काम खरं तर माझं होतं, पण उन्हाचं पोरीला कशाला, असं म्हणून तुम्हीच जायचात. नवतपा लागला, म्हणजे ज्या नऊ दिवसांत आपल्याकडे पक्षीही पंख उघडत नाहीत ते दिवस, तेव्हा घंटी थांबेच ना. जितकं ऊन जास्त तितकी फळी जास्त. फळीच्या मोजणीची कागदावरची रेघ उन्हाबरोबर वर चढत गेली तशी तुमची मानही वर झाली. ठरलं असं, की हिवाळ्यात बाहेरची समिती येईल, तिला हे दाखवायचं, आणि तिला पटलं तर साऱ्या नव्या गोठ्यांत अशा फळ्या बसतील, तुमच्या कामाला खरी जागा मिळेल, आणि माझी पदवी बाबांच्या मुदतीत पदरात पडेल.

दिवाळी झाली. थंडी पडली. आणि चांदरी फळी दाबतच राहिली.

तो हिवाळा मला अजून अंगावर येतो. लोक शेकोट्या करून बसलेत, मी शाल घेऊन खोलीत, आणि घंटी वाजते आहे. पाणी बर्फासारखं. उन्हामुळे म्हैस पाणी मागते, हे आपलं म्हणणं, आणि ही बया कुडकुडत्या सकाळी पाणी मागते आहे. आपली सरळ चढणारी रेघ पार वेडीवाकडी झाली. मला रात्रंदिवस पोह्यांची बशी दिसायला लागली. एक दिवस मी धीर करून तुम्हाला म्हटलं, सर, थंडीत तोटी बंदच ठेवली तर? प्रयोग उन्हाळ्याचा होता, हिवाळ्याचं कोणी विचारणार नाही.

"ती बोलून राहिली," तुम्ही म्हणालात, "अन् तू तिचं तोंड बांधून राहिली. काहून? तुले पाहिजे ते नाही बोलली म्हणून?"

मग तुम्ही धान काढायला गावी गेलात. जाताना, मी येईपर्यंत नुसती बघत बस, लिहू नको, असं सांगून गेलात. मी आधी खोलीतच घंटीकडे कान लावून बसले, मग बाहेर कडुनिंबाखाली बसून बघत राहिले. पहिल्या दिवशी घंटी वाजली, वाजली, आणि मग थांबली. तुम्ही परत येईपर्यंत चांदरी फळीकडे फिरकली नाही. तुम्ही आलात, फाटकात तुमचा खोकला ऐकू आला, तुम्ही खोलीत शिरलात, आणि घंटी वाजली. मी तेव्हा कडुनिंबाखाली होते. आजवर आपण दोघं खोलीत बसून घंटी ऐकत होतो, त्यामुळे फळी दाबल्यावर ती काय करते हे धड कोणी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मी बघितलं. तिने फळी दाबली आणि पाण्याचा थेंब अंगावर येऊ नये म्हणून चटकन बाजूला झाली. नळाकडे तिने बघितलंही नाही. दोन्ही कान आपल्या खोलीच्या दाराकडे लावून उभी राहिली. दार उघडलं. तुम्ही बाहेर आलात, उष्णतामापकाकडे जाता जाता सवयीने तिच्या शिंगाच्या बुडाशी खाजवलंत आणि नेहमीसारखं म्हणालात, "काय म्हणतं वं?" तिने डोळे मिटले.

सर, ही चूक फक्त आपल्याच हातून होऊ शकत होती. त्या परदेशी पुस्तकातला माणूस आकडा बघून सरळ परत गेला असता. तुम्ही शेतकऱ्याच्या पोटी आलेले, जनावराच्या जवळून जायचं आणि त्याच्या अंगावर हात फिरवायचा नाही, त्याला दोन शब्द विचारायचे नाहीत, हे तुम्हाला जमलंच नसतं. आणि त्यात आपण काही वेगळं करतो आहोत हे मलाही दिसलं नाही, कारण माझ्या बाबांनीही तेच केलं असतं. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मला खुळी म्हणालात. मग मात्र स्वतःच दोन्ही बाजूंनी तपासलंत. काही दिवस पाणी बंद ठेवलं, घंटी चालू, आणि तुम्ही बाहेर जायचात. चांदरी खुशाल फळी दाबत राहिली. मग पाणी सोडलं, पण घंटी वाजली तरी तुम्ही खुर्चीत बसून राहायचं. तिने फळी सोडून दिली. ते बसून राहणं तुम्हाला किती जड गेलं ते मी बघितलं आहे. घंटी वाजली की खुर्चीचे हात घट्ट धरायचात. आपण दोघं एकमेकांकडे न बघता बसायचो.

समिती पौषात आली. वेडीवाकडी रेघ फक्त आपल्याला आणि प्रमुखांना ठाऊक होती. उन्हाळ्याची सरळ रेघ दाखवून तुम्ही गप्प बसला असता तर काम झालं असतं, प्रमुखांनीही तसं सुचवलं होतं. तुम्ही उभे राहिलात आणि दोन्ही रेघा दाखवल्यात. म्हणालात, हिवाळ्यात ही म्हैस पाण्यासाठी नाही, माझ्यासाठी फळी दाबत होती, आणि उन्हाळ्यात ती पाणी मागत होती की मला, हे मी आज सांगू शकत नाही. समितीतले एक गृहस्थ हसून म्हणाले, मग प्रोफेसर, हे यंत्र पाण्याचं की तुमचं? बाकीचेही हसले. तुम्ही हसला नाहीत. त्या सुटाबुटातल्या माणसांसमोर तुम्ही तुमच्या गावच्या बोलीत बोललात, आणि त्या वेळी राग नव्हता, हे मला नक्की कळलं. "साहेब, आमी तिले पाणी मागाची सोय करून देल्ली. तिनं त्याच्यातून माणूस बोलावला. मंग यंत्र तिचंच झालं ना?"

गोठे जुन्यासारखेच बांधले गेले. तुमच्या कामाला जागा मिळाली नाही. चांदरीची फळी तेवढी टांगलेली राहिली, आणि घंटी वाजल्यावर खुर्चीत बसून राहणं तुम्हाला पुढच्या उन्हाळ्यातही पुन्हा जमलं नाही. माझा प्रबंध गेला. मी तुमच्यावर मनातून फार चिडले होते. खरेपणा तुमचा आणि बशी माझ्या हातात, असं मला वाटत होतं. तेवढ्यात एका रविवारी तुम्ही एस.टी.ने भिवापूरला आलात. अंगणभर मिरची वाळत घातलेली. तुम्ही शिंकत शिंकत बाबांसमोर बसलात, डोळ्यांतून पाणी, नाकाला रुमाल, आणि बाबांना म्हणालात, पाटील, पोरीची चूक नाही, माझी म्हैस हुशार निघाली, मला आणखी एक वर्ष द्या. बाबा आयुष्यात कोणाचं ऐकत नसत. पण मिरचीच्या वाळवणात एवढा वेळ बसून राहिलेला शहरातला माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. माझी पदवी शेवटी कडब्यावर झाली, कडबा कुणाला बोलावत नाही. मला कोणी काय दिलं असं विचारलं तर मी अजून ते वर्ष सांगते.

त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, तुम्ही गावी गेलात ते आलातच नाही. निरोप आला तेव्हा मी तुमच्याच खोलीत होते, तुमच्याखाली नवीनच नोकरीला लागलेली. थोड्या दिवसांनी घंटी वाजली. मी बाहेर गेले. चांदरी माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होती. मी तिच्या शिंगाच्या बुडाशी खाजवलं, तुमच्यासारखंच विचारलं, काय म्हणतं वं? तिने खाजवून घेतलं, थोडा वेळ थांबली, दाराकडे पुन्हा एकदा बघितलं आणि निघून गेली. त्यानंतर घंटी वाजली नाही. पुढे प्रमुखांना त्यांच्या दारावर घंटी हवी झाली, ती काढून तिकडे लावली, आणि मला बरंच वाटलं.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. पुढच्या नवतप्यात, भर दुपारी, मी सहज खिडकीतून बघितलं तर फळीखालची जमीन ओली होती. चांदरी आली. घंटी नव्हती, कोणी बाहेर येणार नव्हतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने फळी दाबली आणि ती बाजूला झाली नाही. नळाखाली सगळं अंग आणून उभी राहिली, पाणी शिंगांवरून पाठीवर ओघळत होतं. तोटी मिटली की पुन्हा दाबायची. सबंध दुपारभर तिने एकदाही दाराकडे बघितलं नाही. सर, तुमचा उन्हाळा खरा होता. तिला पाणीही हवं होतं आणि तुम्हीही, आणि एकाच फळीवर ती दोन्ही मागत होती. तुम्ही गेल्याशिवाय ते दोन वेगळे होणार नव्हते. मी धावत जाऊन प्रमुखांना सांगितलं, ते म्हणाले, एका म्हशीवरून काय सिद्ध होतं? खरं आहे. तुम्हीही तेच म्हणाला असता.

बाहेर आता बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजताहेत, उद्यासाठी बांधून बघत असावेत. आत चूल पेटवायची आहे, भाजी तशीच पडली आहे. हे पत्र कुठे टाकणार? तुमचं गाव आहे, पण तुम्ही नाही. वर वाचून बघितलं तर उन्हाळ्याची बातमी सांगायला लिहिलं असं वाटतं. पण ती बातमी तुम्हाला कळलेली असो वा नसो, वीस वर्षं मी ती न सांगता काढलीच की. एक कबूल करते, सर. लिहिताना मी दोनदा उठून दाराशी जाऊन आले. सांगण्यासारखं तसं काही नव्हतं. मला पाणी नको होतं.